माहेरचे पाठबळ : डॉ. रखमाबाई यांची जीवनकहाणी



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तिच्यात तुम्हीही चार ओळी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. पहिल्यांदा वाटले, एखादी पाककृती द्यावी आणि मोकळे व्हावे. परंतु जून महिना जवळ आला की जिन्यात, भाजीच्या गाडीशी आणि हळदीकुंकवालाही आपल्यात जो एकच विषय निघतो, तो मनात घोळू लागला. कोणाचा मुलगा वर्गात पहिला आला, कोणाची मुलगी नापास झाली, आणि कोणाची शाळा यंदापासून बंद करायची ठरली. मूल हुशार असले तर ते कसेही शिकते, आणि नसले तर कितीही केले तरी पालथ्या घड्यावर पाणी, असे आपण सहज बोलून जातो. खरेच तसे असते का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला डॉ. रखमाबाई आठवल्या. त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकले असेल, पण त्यांची सगळी हकीकत ठाऊक नसेल. ती आज सांगते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे सुतार ज्ञातीतले. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी जयंतीबाईंचे कपाळ पांढरे झाले. पदरात चिमुरडी पोर आणि पुढे सारे आयुष्य पडलेले. त्या काळी पांढरपेशा घरांत अशा बाईला कोपऱ्यात बसवीत. परंतु सुतार ज्ञातीत पुनर्विवाहाची चाल होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे विधवेने पुन्हा लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जाई. म्हणून लग्नापूर्वी ती मालमत्ता मुलीच्या नावावर करून देण्यात आली. ही गोष्ट भगिनींनी लक्षात ठेवावी. बापाचे छत्र गेले, पण स्वतःच्या नावावर चार पैसे असलेली मुलगी, असे भाग्य त्या काळी हजारांत एखादीच्या वाट्याला येई.

सावत्र बाप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कहाण्यांतला दुष्ट माणूस उभा राहतो. सखाराम अर्जुन तसे नव्हते. ते मुंबईतले नामांकित डॉक्टर. औषधी वनस्पतींचा त्यांचा व्यासंग मोठा. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही निसर्गाचा अभ्यास करणारी संस्था निघाली. ती काढणाऱ्या आठजणांत दोनच हिंदी गृहस्थ होते, त्यांपैकी हे एक. घरात पुस्तके, रोग्यांची ये-जा, शिकल्यासवरल्या मंडळींचा राबता. अशा घरात वाढणाऱ्या मुलीच्या कानांवर जे शब्द पडतात, ते शाळेच्या फळ्यावर कधी लिहिलेले नसतात. वडील पुस्तक हातात घेऊन बसलेले मुलीला रोज दिसणे, हेच निम्मे शिक्षण असते.

असे असूनही रूढीचा पगडा त्या घरावरही होताच. रखमाबाई अकरा वर्षांच्या झाल्या आणि त्यांचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाशी लावून देण्यात आले. शाळाही तिथेच सुटली. ज्या घरात सावत्र बाप डॉक्टर, ज्या घरात सुधारणेच्या गोष्टी चालत, त्याच घराने अकरा वर्षांच्या पोरीची पाटी काढून घेऊन तिच्या गळ्यात मंगळसूत्र बांधले. हे मी मुद्दाम सांगते. थोरांची चरित्रे लिहिताना त्यांचे घर म्हणजे जणू देवघर, असे दाखवण्याची पद्धत आहे. खरे घर तसे नसते. एका हाताने ते देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. सखाराम अर्जुनांसारख्या शहाण्या माणसालाही जातीच्या चालीपुढे मान तुकवावी लागली, तिथे इतरांची काय कथा!

आता दादाजींविषयी. ते सखाराम अर्जुनांच्या नात्यातले, गरीब घरचे. लग्नाच्या वेळी असे ठरले होते की त्यांनी सासऱ्याच्या घरी घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि चांगला माणूस व्हावे. त्यांच्या खाण्यापिण्याचा आणि शिक्षणाचा भार सखाराम अर्जुनांनी उचलायचा. बेत वाईट नव्हता. परंतु तो साधला नाही. विशीच्या तरण्या मुलाला सहावीच्या वर्गात लहान पोरांच्या रांगेत बसवले, तर त्याचे मन कसे रमणार? त्यात थोड्या काळाने त्यांची आई वारली आणि ते आपल्या मामाच्या घरी जाऊन राहिले. त्या घरात अभ्यासाची आवड कोणाला नव्हती, तिथले वळणही चांगले नव्हते. दादाजींचे शिकणे सुटले, हातात धंदा नाही, उलट डोक्यावर कर्ज झाले.

रखमाबाईंची बाजू घेणारे लोक दादाजींना नुसती दूषणे देतात. मला मात्र त्यांची थोडी कीवही येते. एकाच घरातल्या पाटावर दोन मुले बसवली होती. एकीला पुस्तकांची गोडी लहानपणापासून लागलेली, दुसऱ्याला ती कोणी कधी लावलीच नव्हती. विसाव्या वर्षी एकदम वह्यापुस्तके हातात दिली आणि फीचे पैसे भरले म्हणजे माणूस शिकतो असे नाही. रोपाला पाणी वेळेवर घालावे लागते. सुकल्यावर घागर ओतून काय उपयोग?

इकडे रखमाबाई वयात आल्या तेव्हा रीतीप्रमाणे त्यांना नवऱ्याकडे धाडण्याची घाई सुरू झाली. त्या वेळी मात्र सखाराम अर्जुन ठाम उभे राहिले. कोवळ्या वयात संसार लादला तर मुलीच्या शरीराची हानी होते, हे ते डॉक्टर म्हणून जाणत होते. मुलीला त्यांनी आपल्याच घरी ठेवून घेतले. लग्न थांबवणे त्यांना जमले नव्हते, पण त्याचे दुष्परिणाम त्यांनी थांबवले. भगिनींनो, या एका निर्णयावर पुढचे सारे आयुष्य उभे राहिले. त्या दिवशी रखमाबाईंची बोळवण झाली असती, तर दोन-तीन वर्षांत त्या आई झाल्या असत्या आणि त्यांचे नाव आज कोणालाही ठाऊक नसते.

शाळा सुटली होती, पण शिकणे सुटले नाही. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके त्या घरी वाचीत. घरातले काम, आल्यागेल्याचे पाहणे आणि बायकांच्या कुजबुजीतून वेळ काढून त्या इंग्रजी शिकल्या. लग्न झालेली मुलगी माहेरी राहते आणि वर पुस्तके वाचते, यावर शेजारीपाजारी काय बोलले असतील, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा हातात वर्तमानपत्राचा तुकडा दिसला तरी टोमणा ऐकावा लागे. म्हणून मला त्या मुलीची चिकाटी कळते. परंतु तिच्या चिकाटीइतकेच, पुस्तक हातातून ओढून न घेणाऱ्या तिच्या माणसांचे मोल कळते. पुढे त्या मुंबईतल्या आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. तिथे चार शिकलेल्या बायकांची ओळख झाली आणि आपण एकट्या नाही असा धीर आला.

अशी आठ-दहा वर्षे गेली. १८८४ च्या मार्च महिन्यात दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून निरोप धाडला. रखमाबाईंनी जायला नकार दिला. त्यांची कारणे साधी होती. नवऱ्याला स्थिर उत्पन्न नाही, प्रकृती रोगट, आणि तो ज्या घरात राहतो तिथले वातावरण कुलीन बाईने राहावे असे नाही. शिवाय अजाण वयात, आपल्याला न विचारता लावलेले लग्न आपल्याला बांधील कसे, हा मूळ प्रश्न होताच. दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. बायकोच्या नावावरची मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून तिची आई आणि आजोबा हरिश्चंद्र यादवजी हेच तिला फितवतात, असे दादाजींचे म्हणणे होते.

हा खटला चालू असतानाच, १८८५ च्या एप्रिलमध्ये, सखाराम अर्जुन वारले. वीस वर्षांच्या रखमाबाईंचा मोठा आधार गेला. इथे जयंतीबाई आणि आजोबा डगमगले असते तर नवल नव्हते. ज्ञातीत नाचक्की, कोर्टाचा खर्च, वर्तमानपत्रांतून घरच्या बायकांची नावे. परंतु त्यांनी मुलीला घराबाहेर काढले नाही. जयंतीबाई स्वतः काही शिकलेल्या पंडिता नव्हत्या. त्यांनी भाषणे केली नाहीत की लेख लिहिले नाहीत. लेकीला दोन वेळचे जेवण आणि डोक्यावर छप्पर दिले आणि लोकांच्या तोंडाला तोंड दिले, एवढेच. या एवढ्याच्या जोरावर लेक हायकोर्टात उभी राहू शकली.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. अजाणपणी लग्न झालेल्या आणि नवऱ्याबरोबर कधीच न राहिलेल्या स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध त्याच्या घरी पाठवता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. सगळ्या देशात खळबळ उडाली. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी वर्तमानपत्रात एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी पत्रे छापून आली होती. लग्नामुळे मुलींचे शिकणे कसे बुडते आणि मन कसे कोंडते, याची कैफियत त्यांत होती. ती पत्रे रखमाबाईंचीच होती, हे पुढे उघड झाले. घरी बसून शिकलेल्या इंग्रजीचा हा उपयोग.

एका बाजूला बेहरामजी मलबारी, न्यायमूर्ती तेलंग आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल वर्ड्सवर्थ यांच्यासारखी मंडळी रखमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली. दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळकांच्या केसरीने कडाडून टीका केली. टिळकांचा रोष असा की आमच्या धर्माच्या आणि घरच्या गोष्टींत परक्या सरकारचे कोर्ट हात घालते. स्वराज्यासाठी टिळकांनी जे सोसले, त्यामुळे आपण सगळे त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. पण या एका बाबतीत त्यांना त्या मुलीचे दुःख दिसले नाही, हे प्रांजळपणे म्हणावे लागते.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पहिला निकाल फिरवून दावा पुन्हा चालवण्यास पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. बावीस वर्षांची मुलगी, जिने स्वयंपाकघराचा उंबरा नुकताच ओलांडला होता, ती चोरदरोडेखोरांच्या तुरुंगाला भ्याली नाही.

याच सुमारास आणखी एक घटना घडली. या निकालाच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या. अमेरिकेत जाऊन १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टरीची पदवी मिळवलेली ही मुलगी वयाच्या एकविसाव्या वर्षी गेली. दोघी जवळजवळ एका वयाच्या, आनंदीबाई रखमाबाईंपेक्षा चार महिन्यांनी लहान. आनंदीबाईंना त्यांच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, हट्टाने आणि कधी कठोरपणानेही शिकवले. रखमाबाईंना नवऱ्यापासून दूर राहण्यासाठी कोर्टात झगडावे लागले, तेव्हा कुठे शिकण्याची वाट मोकळी झाली. एकीला सासरच्या माणसाचे बळ, दुसरीला माहेरचे. दोघींतही बुद्धी होती, पण नुसत्या बुद्धीवर दोघींपैकी एकही डॉक्टर झाली नसती.

शेवटी १८८८ च्या जुलैमध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. चार वर्षांच्या वनवासातून रखमाबाई मोकळ्या झाल्या. दोन हजार रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. ज्या मुलीच्या पाठीशी पैसा नसेल, तिला ही मोकळीक कोठून मिळणार? त्या काळात रखमाबाईंसारख्या मनाने जळणाऱ्या कितीतरी मुली घरोघर असतील. त्यांना कोर्टाचा रस्ता कोण दाखवणार, वकील कोण देणार आणि निकाल लागेपर्यंत दोन घास कोण घालणार? त्या मुकाट्याने नांदायला गेल्या आणि त्यांची कहाणी चुलीच्या धुरात विरून गेली.

आता रखमाबाईंपुढे प्रश्न होता, पुढे काय? त्यांना डॉक्टर व्हायचे होते. सावत्र वडिलांच्या घरी लहानपणापासून पाहिलेला तो पेशा. त्या वेळी मुंबईत कामा हॉस्पिटलवर डॉ. एडिथ पीची नावाच्या इंग्रज बाई मुख्य होत्या. १८६९ साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यकी शिकण्यासाठी ज्या पहिल्या सात मुली धडपडल्या, त्यांतल्या या एक. तिथे पदवी नाकारली गेली, तेव्हा त्यांना ती स्वित्झर्लंडला जाऊन मिळवावी लागली होती. दार बंद असले म्हणजे काय वाटते हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला आणि मदतीसाठी खटपट केली. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. इंग्लंडमध्ये पार्लमेंटचे सभासद वॉल्टर मॅक्लॅरेन आणि त्यांच्या पत्नी इव्हा यांनी रखमाबाईंना आधार दिला. १८८९ साली, पंचविशीत, रखमाबाई विलायतेला गेल्या.

लंडनमध्ये केवळ स्त्रियांसाठी १८७४ साली काढलेली वैद्यकीय शाळा होती. तिथे त्यांनी नाव घातले. अकराव्या वर्षी जिची शाळा सुटली, ती पंचविसाव्या वर्षी पुन्हा शाळेच्या बाकावर बसली. थंडीचा देश, परकी भाषा, परके अन्न. वयाच्या अशा टप्प्यावर दादाजींचे शिकणे तुटले होते, रखमाबाईंचे नाही. फरक एवढाच की मधली चौदा वर्षे त्यांच्या घरात पुस्तकाला मज्जाव नव्हता, आणि शिकायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले होते. लंडनमधील मोठ्या वैद्यकीय संस्था तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू देत नसत. म्हणून त्यांनी स्कॉटलंडमधली परीक्षा दिली आणि १८९४ साली बेल्जममध्ये ब्रसेल्स येथे एम. डी. ही पदवी मिळवली.

मायदेशी परत आल्यावर १८९५ पासून त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या दवाखान्याचा कारभार हाती घेतला. त्या काळी बाळंतपणासाठी दवाखान्यात जाणे म्हणजे बायकांना संकटच वाटे. घरच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाती, कितीतरी बायका जिवाला मुकत. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही अशी रीत. अशा बायकांना रखमाबाईंसारखी आपल्यातली, लुगडे नेसणारी, आपल्यासारखी बोलणारी डॉक्टरीण मिळाली. बावीस-तेवीस वर्षे त्यांनी सुरतेत सेवा केली. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पुढे त्या राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये गेल्या आणि १९२९ च्या सुमारास निवृत्त झाल्या. सगळी मिळून पस्तीस वर्षांची रुग्णसेवा. त्यांच्या हातून किती बाया सुखरूप सुटल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला असेल?

त्यांनी दुसरे लग्न केले नाही. १९०४ साली दादाजी वारल्याची बातमी आली, तेव्हापासून रखमाबाई पांढरे वस्त्र नेसू लागल्या असे त्यांच्याविषयी सांगतात. ज्या लग्नाला त्यांनी कधी मान्यता दिली नाही, त्या नवऱ्यासाठी हे व्रत का, असे पुष्कळांना कोडे पडते. मला त्यात नवल वाटत नाही. माणसाचे मन कोर्टाच्या निकालासारखे एका बाजूचे नसते. लहानपणी अंगात मुरलेले संस्कार विलायतेच्या पदवीने धुऊन जात नाहीत.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. या एका आयुष्यात त्यांनी केवढे स्थित्यंतर पाहिले! त्यांचा खटला गाजला आणि पाठोपाठ बंगालमध्ये एका बालवधूचा अंत झाला, तेव्हा देशात काहूर उठले आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीची मर्यादा दहाची बारा वर्षे झाली. १९२९ साली सारडा कायद्याने लग्नासाठी मुलीचे वय चौदा ठरले. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला. त्यात नवरीचे वय पंधरा ठरले आणि घटस्फोटाचा हक्कही आला. रखमाबाई त्यानंतर चार महिने जगल्या. जे मिळवण्यासाठी त्यांना दोन हजार रुपये मोजावे लागले, ते कायद्याने लेकींना मिळालेले पाहून त्यांनी डोळे मिटले. १९७८ साली हे वय अठरा झाले, तोच कायदा आज आहे.

भगिनींनो, हकीकत संपली. आता या हकीकतीतून मला काय कळले ते सांगते.

रखमाबाई थोर होत्या यात शंका नाही. परंतु त्यांच्यामागे पाच गोष्टी होत्या. पुस्तके असलेले घर, स्वतःच्या नावावरचे पैसे, अकाली संसारापासून वाचवणारा बाप, कोसळत्या वेळी हात न सोडणारी आई आणि आजोबा, आणि शेवटी, घरचे बळ कमी पडले तेव्हा पुढे झालेली परकी माणसे. यांतली एक जरी वगळली, तरी डॉ. रखमाबाई झाल्या नसत्या. दादाजींना यांतली पहिली गोष्ट उशिरा मिळाली आणि टिकली नाही. म्हणून परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा तो एकट्या मुलाचा नसतो. तो त्याच्या घराचाही निकाल असतो.

आता सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मिळाला आहे. शाळेचे दार उघडे आहे. परंतु घराचे दार किती उघडे आहे, ते आपणच पाहायचे. मुलगी अभ्यासाला बसली की तिलाच हाक मारून पाणी आणायला सांगणारी मीच असते. पाहुणे आले की दूरदर्शनचा आवाज मोठा करणारेही आपणच. दहावीच्या मुलीला परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकट्या भावंडाला सांभाळायला ठेवून लग्नाला जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यात कधी मीही होते. पैसा सगळ्यांकडे नसतो. पण रोज संध्याकाळी दोन तास निवांतपणा, एक दिवा, एक कोपरा, आणि शीक बाळ, काम मी पाहते असे म्हणणारी आई, हे गरिबाच्या घरीही होऊ शकते. जयंतीबाईंनी याहून वेगळे काय केले होते?

आणि ज्या घरात तेही होऊ शकत नाही, जिथे आई पहाटे कामाला जाते ती रात्री परतते, जिथे एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथल्या मुलांचे काय? रखमाबाईंना घर कमी पडले तेव्हा पीचीबाई आणि मॅक्लॅरेनबाई पुढे झाल्या. आपण लहान माणसे, विलायतेला कोणाला पाठवू शकत नाही. परंतु मंडळाची खोली संध्याकाळी रिकामी असते. तिच्यात सतरंजी आहे, दिवे आहेत, पंखा आहे. आठवड्यातले चार दिवस दोन तास ती अभ्यासासाठी उघडी ठेवावी, आपल्यापैकी आळीपाळीने एकजणीने तिथे नुसते भाजी निवडत बसावे, अशी माझी नम्र सूचना आहे. शिकवता आले नाही तरी चालेल. मुलांनी पुस्तक उघडले असताना शेजारी एक मोठे माणूस शांत बसलेले असणे, हेच खूप आहे. आणि एखाद्या हुशार मुलीची शाळा बंद व्हायची चिन्हे दिसली, तर चौघीजणींनी तिच्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांशी दोन शब्द बोलावेत. हळदीकुंकवाला आपण घरोघर जातोच, मग यासाठी का जाऊ नये?

ज्या मुलीला माहेरचे पाठबळ नाही, तिचे माहेर आपले मंडळ होवो, एवढीच या वर्धापनदिनी देवाजवळ प्रार्थना करून माझे चार शब्द पुरे करते. लिहिण्याची सवय नाही, चूकभूल झाली असेल ती पदरात घ्यावी.